ठेवला म्हणण्याआधी

“आपली मशीन यांतली नक्की कुठली, ते यांनासुद्धा माहीत नाही.”

सावंत साहेब हे त्यांच्या ड्रायव्हरच्या कानात म्हणाले. पण सर्व्हर रूममध्ये पंख्यांचा आवाज एवढा असतो की कानात सांगायचं तरी ओरडावं लागतं. त्यामुळे ते आमच्या घरत सरांना ऐकू गेलं आणि दारापाशी उभ्या असलेल्या मलाही. ड्रायव्हरच्या हातात झेंडूचा भलामोठा हार होता. खंडेनवमी होती. सावंत साहेब उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डचे मॅनेजर. सकाळपासून त्यांनी क्रेनला, ट्रेलरला, वजनकाट्याला हार घातले होते. यार्डचं सगळं कामकाज जिच्यावर चालतं ती मशीन मात्र आमच्याकडे नवीन पनवेलला, म्हणून एक हार घेऊन ते इथवर आले होते. आता तो घालायचा कुणाला, असा प्रश्न होता.

साहेब म्हणाले ते खरं होतं. स्क्रीनवर बघितल्याशिवाय मलाही ते सांगता आलं नसतं. बघून सांगितलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत ती मशीन शेजारच्या रॅकमध्ये गेलेली असू शकली असती. हे त्यांना नीट समजावून सांगावं असं मला वाटलं, आणि नेहमीप्रमाणे मी तोंड उघडलं नाही. सरांनी हार घेतला आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या कपाटाच्या दाराला बाहेरून बांधला. आतून नाही, पाकळ्या पंख्यात गेल्या असत्या.

“मशीन फिरते, साहेब,” ते म्हणाले, “पण तिचं सामान इथं असतं. हार सामानाला.”

साहेबांनी हात जोडले. ड्रायव्हरनंही जोडले, पण त्याची नजर अजून रॅकवरच होती.

मी काय काम करते हे मला अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. विचुंब्याला आमच्या सोसायटीत सगळ्यांना ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढं पुरतं, आणि मलाही पुरायचं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे कामाचे शब्द इंग्रजीत आणि घरचे मराठीत, अशी माझी वाटणी झालेली. दोन्हीकडे कमी बोलायचं म्हटलं की अडत नाही. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदाच मला माझं काम मराठीत मांडावं लागतंय.

आमच्याकडे काही मोठी यंत्रं आहेत. प्रत्येक यंत्राच्या पोटात सात-आठ मशिनी चालतात. खऱ्या नव्हेत, मानलेल्या. पण त्यांना ते ठाऊक नसतं. प्रत्येकीला वाटतं आपण एकट्याच आहोत, आपल्याला आपली मेमरी आहे, आपली डिस्क आहे. या डिस्क खरं तर सगळ्या कोपऱ्यातल्या त्या कपाटात असतात. एक पॅथॉलॉजी लॅबची, दोन मंगल कार्यालयांची, एक कोल्ड स्टोरेजची, एक यार्डची. खालचं यंत्र आजारी पडलं, किंवा त्याची साफसफाई करायची असली, की त्यावरची मशीन चालू असतानाच उचलून दुसऱ्या यंत्रावर न्यावी लागते. हे माझं मुख्य काम. जेवायला बसलेल्या माणसाला पाटासकट, ताटासकट उचलून दुसऱ्या खोलीत बसवायचं, आणि त्याला कळूही द्यायचं नाही.

पाट आणि ताट नेणं सोपं असतं. अवघड असतो तो घास. ताटातून उचललेला आणि तोंडात अजून न गेलेला. मशीन सतत डिस्कवर काही ना काही लिहीत असते. लिहायला दिलं, पण ‘लिहून झालं’ अशी पोच अजून आली नाही, अशी कामं कुठल्याही क्षणी वाटेत असतातच. मशीन हलवायच्या क्षणी ती मोजायची. एकतर ती पूर्ण होईपर्यंत थांबायचं, नाहीतर त्यांची यादी नव्या यंत्राच्या हाती द्यायची आणि म्हणायचं, ही अर्धी राहिली आहेत, तू पुरी कर. आणि काही झालं तरी एकाच डिस्कवर जुन्या आणि नव्या यंत्रानं एकाच वेळी लिहायचं नाही. सगळी कला एवढीच. नीट झालं तर कुणालाच काही दिसत नाही. त्यामुळे या कामात कौतुक व्हायची सोय नाही. माझ्या स्वभावाला ते बरं पडतं.

ग्राहकांना मात्र हे हलवणं बेचैन करतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी अमावास्येला त्यांची मशीन हलवू नये असं घरत सरांकडून कबूल करून घेतलंय. आम्ही पाळतो. कारणाच्या रकान्यात ‘ग्राहकाची विनंती’ असं लिहितो. पॅथॉलॉजी लॅबचे डॉक्टर दर वेळी हलवल्यावर फोन करायचे, मशीन संथ झाली म्हणून. एकदा सरांनी त्यांना हलवणार असल्याचं कळवलं आणि हलवलीच नाही. डॉक्टरांचा फोन आला, आज जरा संथ वाटतेय. सरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि परत जागेवर ठेवतो म्हणाले. दहा मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, हां, आता छान. घरत सर असे. गव्हाणकडच्या शेतकरी घरातले, बारा महिने अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये, ग्राहकावर न चिडण्याचा विडा उचललेले.

यार्डचा फोन यायचा तो हिराताईंचा.

हिराताई उरणजवळच्या करंजा गावच्या. घरी होड्या, स्वतः मात्र यार्डाच्या कंट्रोल केबिनमध्ये नोकरीला. यार्डात कंटेनरला डबा म्हणतात. ट्रेलर आत आला की स्टॅकर, म्हणजे लांब हाताचं एक अवाढव्य वाहन, त्यावरचा डबा उचलतो आणि रांगेत रचतो. रचला की चालक वॉकी-टॉकीवर डब्याचा नंबर आणि जागा सांगतो आणि म्हणतो, “ठेवला.” ताई ते कॉम्प्युटरवर टाकतात. ते टाकलेलं उरण रस्त्यावरून आमच्याकडे येतं, आमच्या मशीनमध्ये शिरतं आणि हार घातलेल्या त्या कपाटात जाऊन बसतं. यार्डात हजारो डबे एकसारखे उभे. कुठला कुठे हे फक्त त्या कपाटाला माहीत.

ताईंचा आवाज फोन कानापासून लांब धरावा असा. “काय गो पोरी, आज बी थंडीत बसलीस का?” अशी सुरुवात. मग मासळी, सून, गुडघे, आणि शेवटी तक्रार. मला बोलावं लागायचं नाही, म्हणून मला त्या फोनची वाट बघावीशी वाटायची. एकदा त्यांनी पनवेलकडे येणाऱ्या एका ट्रेलरवाल्याबरोबर माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी पाठवली. मी ती कौतुकानं सर्व्हर रूमच्या बाहेरच्या टेबलावर ठेवली, नेमकी एसी हवा जिथून आत ओढतो तिथे. दुपारपर्यंत सगळ्या रॅकना करंज्याच्या वाळवणाचा वास येऊ लागला. सर नाक मुरडत आले, पिशवी पाहिली, आणि त्यातले अर्धे बोंबील आपल्या जेवणाच्या डब्यात काढून घेतले.

गेल्या उन्हाळ्यात यार्डची मशीन ज्या यंत्रावर होती त्याची मेमरी खराब होऊ लागली. सुटे भाग येईपर्यंत मशीन एका लहान, जुन्या, राखीव यंत्रावर नेणं भाग होतं. सरांनी ती हलवली. नेहमीसारखी, यार्डला आधी कळवून, पण दुपारच्या भर कामात, कुणाला जाणवू न देता. मी शेजारी बसून बघत होते. सगळं हिरवं दिसत होतं. आम्ही चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी यार्डात एक डबा सापडेना. साधा असता तर शोधून काढला असता. हा थंड डबा होता, बर्फातली मासळी भरलेला. असे डबे रांगेत ठेवले की लगेच विजेला जोडायचे असतात, आणि जोडणारी माणसं स्क्रीन बघून जातात. स्क्रीनवर हा डबा आतच आलेला नव्हता. त्यामुळे तो कुणी जोडला नाही. उन्हात उभ्या रांगेतून वास सुटला तेव्हा तो सापडला.

चौकशीत सगळ्यांचं बोट हिराताईंकडे गेलं. चालक म्हणाला, मी ‘ठेवला’ म्हणालो होतो. ताई म्हणाल्या, मी टाकला होता. स्क्रीनवर काही नाही. मग कोण खोटं? सावंत साहेबांनी ताईंना सांगितलं, मशीन परत जाग्यावर नेतील तेव्हा पुन्हा काही हरवलं तर वॉकीवरून उठायचं आणि गेटवर पास तपासायला बसायचं. ताई मला फोनवर हे सांगत होत्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज कानाला लावून ऐकावा लागला.

“मी आयकला तेच लिवला गो,” त्या म्हणाल्या. “माजे नाकासमोर म्हावरा नासला. आमचे घरात म्हावरा कदी नासवला नाय. न आता बोलतान, हिनं नासवला.”

मी “हो” म्हणाले. एवढंच. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला त्या ‘हो’ची लाज वाटत राहिली.

आता इथे मला यार्डातली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यामुळे झाला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. यार्डातले चालक डबा खाली टेकायच्या आधीच ‘ठेवला’ म्हणतात. डबा अजून हवेत टांगलेला, पण जागा ठरलेली. मग ताईंनी तो टाकून घ्यावा, रिकामा ट्रेलर सुटावा, मागचा पुढे यावा. यात प्रत्येक डब्यामागे थोडा वेळ वाचतो आणि रस्त्यावरची रांग पळस्प्याच्या दिशेनं वाढत नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि ते चालतं, कारण म्हणणारा नंतर खरंच ठेवतो. सावंत साहेबांना ही पद्धत माहीत होती आणि आवडत नव्हती. त्यांचं म्हणणं होतं, टांगलेल्याला ठेवला म्हणता, मग हरवणारच.

मला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही हे सापडायला काही दिवस गेले. सापडलं ते साधं होतं. चालकानं आधीच ‘ठेवला’ म्हटलं आणि मग विचार बदलून दुसरीकडे ठेवला, तर नोंद चुकीची होईल. डबा स्क्रीनवर एका जागी दिसेल आणि असेल दुसरीकडे. पण हा डबा स्क्रीनवर चुकीच्या जागी नव्हता. तो नव्हताच. माणसाच्या सवयीनं नोंद चुकते, नाहीशी होत नाही.

मग मी दुपारच्या सुट्टीत एक छोटी मशीन बनवली. तिला एकच काम दिलं, एक, दोन, तीन असे आकडे ओळीनं डिस्कवर लिहीत राहायचं. तिला यार्डच्या मशीनसारख्याच सगळ्या सेटिंग दिल्या आणि सरांनी जशी हलवली तशीच हलवली. नव्या यंत्रावर जाऊन तिनं बिनदिक्कत पुढचे आकडे लिहायला घेतले. मी मागचे वाचले. मध्ये काही आकडे गायब होते. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा काही गायब, वेगळे.

आमचं यंत्रसुद्धा टांगलेल्या डब्याला ‘ठेवला’ म्हणत होतं.

एक सेटिंग असते. ती लावली की यंत्र मशीनला सांगतं, ‘लिहून झालं, पुढचं दे,’ आणि प्रत्यक्षात ते अजून स्वतःच्या हातातच धरलेलं असतं. सवडीनं कपाटात नेऊन ठेवतं. मशीनला वाटतं डिस्क फार वेगवान आहे. एरवी यात काही बिघडत नाही, कारण यंत्र नंतर खरंच ठेवतं. पण हलवताना नव्या यंत्राच्या हाती यादी दिली जाते ती पोच न आलेल्या कामांची. ज्यांची पोच आधीच देऊन टाकली, ती त्या यादीत नसतात. ती जुन्या यंत्राच्या हातात राहतात. नवं यंत्र कपाट उघडून वाचतं, त्याला ती दिसत नाहीत, आणि त्या जागी ते दुसरंच काही लिहून मोकळं होतं. म्हणून अशी सेटिंग असलेली मशीन हलवायला गेलं की सॉफ्टवेअर नकार देतं, धोका आहे म्हणतं. तरीही हलवायची असेल तर एक शब्द जादा लिहून त्याला गप्प करता येतं. सरांच्या जुन्या साठवलेल्या आज्ञेत तो शब्द कायमचा लिहिलेला होता.

मी सरांना बोलावलं आणि काही न बोलता ते आकडे दाखवले. बोलले असते तर बहुतेक इंग्रजीत बोलले असते, आणि इंग्रजीत मी उगाचच कडक वाटते. सरांनी मला पुन्हा एकदा हलवायला लावलं. तेही बघितलं. मग खुर्ची ओढून बसले.

“तन्वी, ही सेटिंग मी लावली होती,” ते म्हणाले. “फार पूर्वी. हिराताईंच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं, त्या बिचाऱ्या माझ्याशी रोज भांडायच्या. म्हटलं, बाईला वेग देऊ या.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण समोर तो स्वेटर, आणि तो माणूस स्वतःच्याच भलेपणात सापडलेला. त्यांनी त्याच दिवशी यार्डात जाऊन सावंत साहेबांना हे सांगितलं. मी बरोबर गेले होते आणि शेजारी बसले होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, मासळीवाल्याला तोंड देऊन थकलेले होते. ते म्हणाले, तुमचं चुकलं असेल, मान्य. पण माझी माणसं टांगलेल्याला ठेवला म्हणतात हे मी रोज या खिडकीतून बघतो. उद्या तुम्ही परत हलवणार, पुन्हा एखादा गेला तर मी कुणाला धरू? तुम्हाला तर धरता येत नाही, तुमची मशीन कुठे आहे हेच कळत नाही. ताईंचं जे ठरलं ते तसंच राहील.

तर परतीचा प्रवास राहिला होता. मोठं यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं, आणि राखीव यंत्र लहान असल्यामुळे यार्डच्या ओझ्यानं धापा टाकत होतं. ती सेटिंग काढायची तर मशीन पूर्ण बंद करावी लागते. ते सगळ्यांत सरळ झालं असतं, पण यार्डचं सॉफ्टवेअर जुनं. बंद करून उघडलं की आधी आपला सगळा पसारा तपासत बसतं, आणि तोवर बंदराची जहाजं थांबत नाहीत. साहेब एवढंच देऊ शकत होते की एक चहा होईल इतका वेळ नव्या नोंदी थांबवायच्या. त्या वेळात आम्ही जुन्या यंत्राच्या हातात जे जे आहे ते आधी कपाटात उतरवायला लावायचं, हात रिकामे झाल्याची खात्री करायची, आणि मगच मशीन उचलायची. दुसऱ्या बाजूला नेल्यावर, सवडीच्या दिवशी, ती सेटिंग कायमची काढायची.

ठरलं असं की सर नवीन पनवेलला कीबोर्डवर बसतील आणि मी यार्डात, केबिनमध्ये, फोन कानाला लावून. नोंदी थांबल्या की मी सरांना सांगायचं.

हिराताईंना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. केबिन म्हणजे खांबांवर चढवलेला एक जुना डबाच, तिन्ही बाजूंनी खिडक्या कापलेला. ताई आवाजावरून वाटायच्या त्याच्या निम्म्या होत्या. केसांत अबोली, कमरेला मोबाइल, समोर वॉकी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “एवडीशीच हायस व्हय गो. मला वाटला, थंडीत राहून फुगली अशील.” मग बसायला स्टूल दिलं आणि त्यावर आधी आपली उशी ठेवली.

खिडकीतून सगळं यार्ड दिसत होतं. मी आयुष्यात प्रथमच माझ्या कपाटातल्या नोंदी उभ्या असलेल्या पाहत होते. निळ्या, तांबड्या, गंजलेल्या. एका रांगेच्या टोकाला थंड डबे होते, विजेला जोडलेले, घरघरत. ताईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

वेळ झाली तेव्हा ताईंनी बटण दाबून सगळ्यांना सांगितलं, नवा उचलू नका, हातातला ठेवा, ठेवला का बोला. एकामागून एक उत्तरं आली. ठेवला. ठेवला. ठेवला, ताई. ठेवला ना.

खिडकीतून मला दिसत होतं. तीन डबे हवेत होते.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनाही दिसत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. पुन्हा तेच. कुणीतरी हसून म्हणालं, ताई, कवाचा ठेवला, चहा पाठव. फोनवर घरत सर विचारत होते, झालं का, उतरवू का. मी म्हणाले, थांबा सर. त्या तीन डब्यांच्या नोंदी आत्ता ताईंनी टाकल्या आणि एखादा डबा ऐनवेळी दुसरीकडे टेकला असता, तर त्याची दुरुस्ती आम्ही उतरवत असताना वाटेत आली असती. टाकल्या नसत्या तर नंतर कुणी टाकल्या नसत्या, कारण चालकांच्या मते ते काम झालेलं होतं. दोन्हीकडून नोंद जाणार आणि दोन्हीकडून ताई.

ताईंनी वॉकी टेबलावर ठेवला. त्या चिडल्या नव्हत्या. त्या मला अगदी हळू समजावत होत्या, माझ्याच आवाजात म्हणावं तसं. माझ्याशी ते असंच बोलतात, त्या म्हणाल्या. मी विचारलं की ठेवलाच म्हणायचं, ही त्यांची जीभच झालीय. मी शंभरदा विचारलं तर शंभरदा म्हणतील. त्यात खोटं काही नाही, माझ्यावर भरवसा आहे म्हणून तसं. आणि दुसरं, इथे वॉकीवर कुणी सही करत नाही. ज्याचा आवाज, त्याचं काम. मी ‘झालं’ म्हटलं आणि एखादा गेला, तर माझ्याच आवाजानं गेला.

“तू सांग,” त्या म्हणाल्या. “तुजा आवाज त्यांना ठावा नाय. नवा आवाज आला का मानूस थांबतो.” आणि वॉकी माझ्या मांडीवर ठेवला.

मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी घेतला नाही. मला वाटतं, सावंत साहेब किंवा आणखी कुणी जिन्यावरून वर येतंय का, ते मी पाहिलं. कुणी येत नव्हतं.

आधी पुढचं सांगून टाकते, कारण त्यात घडलं असं काही नाही, आणि आमच्या कामात तेच हवं असतं. ते तीन डबे खाली आले. ताईंनी ते टाकले, मी तोवर थांबले, मग सरांनी राखीव यंत्राचे हात रिकामे केले, ते रिकामे झाल्याचं मी दोनदा विचारून घेतलं, आणि मशीन परतली. काहीही हरवलं नाही. सेटिंग पुढे एका सुट्टीच्या दिवशी काढली. ताईंच्या स्क्रीनवर आता कधी कधी पुन्हा चक्र फिरतं आणि त्या सरांशी भांडतात. त्या वॉकीवरच आहेत. चालक अजून टांगलेल्या डब्याला ठेवला म्हणतात, त्यावर साहेब अजून खिडकीतून चिडतात. मासळीवाल्याची भरपाई आमच्या कंपनीनं दिली. सर त्याबद्दल बोलत नाहीत, फक्त आता कुठलीही मशीन हलवायच्या आधी जादा शब्द काढून टाकतात आणि मला म्हणतात, बघ, तू बघितल्याशिवाय नको.

लोक मला विचारतात, तू तेव्हा नक्की काय म्हणालीस. ताई प्रत्येकाला वेगळं सांगतात, आणि दर वेळी त्यात माझा आवाज थोडा मोठा होतो. तो मोठा नव्हता. मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बाहेर तिन्ही डबे तसेच टांगलेले होते. एकाखाली एक माणूस विडी पेटवत होता. मग मी म्हणाले,

“मी तन्वी बोलतेय. पनवेलहून आलेय, मशीनवाली. हिराताई बोलत नाहीयेत, मी बोलतेय. तुमचे तीन डबे वर आहेत, मला खिडकीतून दिसतायत. ते खाली टेकवा, पकड सोडा, आणि मगच ठेवला म्हणा. मी थांबलेय. आता यापुढे जो हरवेल, तो ताईंनी नाही, मी हरवला.”